'हंगर'च्या ताटात काय राहून गेलं?

'हंगर' हा २०२३ चा थाई चित्रपट तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी नेटफ्लिक्सवर पाहिला असेल. नसेल, तर आधी पाहून या. मी शेवट सांगणार आहे.

ऑय घरच्या छोट्याशा दुकानात कढईवर नूडल्स परतणारी मुलगी. ती बड्या शेफ पॉलच्या टीममध्ये जाते. पॉल श्रीमंतांच्या पार्ट्यांचं जेवण करतो. एका पार्टीत मांसावरचा लाल रस पाहुण्यांच्या ओठांवरून रक्तासारखा ओघळतो. दिग्दर्शक सितिसिरी मोंगकोलसिरी यांनी तिथे फारसं न बोलता वर्गाबद्दल सगळं सांगून टाकलंय. हा भाग जबरदस्त आहे.

अडचण येते ती उत्तरापाशी. शेवटी ऑय घरच्या दुकानात परतते. म्हणजे एकीकडे पैशाचं जेवण, दुसरीकडे मायेचं. हे उत्तर खोटं नाही, पण सोपं आहे. 'आईच्या हातची चव'वाल्या जाहिराती आपल्याला हेच विकतात. थाई परंपरेकडे याहून अवघड उत्तर आहे.

पहाटेचं 'तक बात' घ्या. यातलं 'बात' म्हणजे आपलंच पात्र. भिक्खू अनवाणी फिरतात, लोक पात्रात भात-कालवण घालतात. भिक्खू आभार मानत नाहीत, फार तर आशीर्वाद देतात. कारण मिळतं ते देणाऱ्यालाच: 'बुन', म्हणजे पालीतलं पुञ्ञ, आपलं पुण्य. पात्रात पडेल ते माध्यान्हीच्या आत खायचं, आवडनिवड नाही. आणि देणाऱ्यानेही 'कसं झालंय?' विचारायचं नाही. पॉलला हे झेपणार नाही, आणि खरं सांगायचं तर ऑयलाही नाही. दोघांनाही दाद हवीच आहे.

शेतातही तेच. भात पोटरीत आला की तो गरोदर आहे असं थाई शेतकरी म्हणतात. मग भातमाता मे फोसोपपुढे आंबट फळं, कंगवा, आरसा ठेवायची रीत आहे. डोहाळेच की हे! जे आपल्याला खाऊ घालणार, त्याला आधी आपण खाऊ घालायचं.

पण हे सगळं निर्मळ आहे असंही समजू नका. दानाच्या वस्तू भरलेल्या पिवळ्या बादल्या दुकानात तयार मिळतात. पुण्याचाही हिशोब होतो. 'हंगर'ची तिरकस नजर तिकडे वळली असती, तर चित्रपट आणखी धारदार झाला असता.

मला हे इतकं का लागलं? आमच्या लॅबमधली थाई मैत्रीण भेटली की विचारते, "किन खाव रू यंग?" शब्दशः, भात खाल्लास का? आपलं 'जेवलीस का?' आहे ना, अगदी तेच. परदेशात आपण थाई जेवणाबद्दल बोलतो ते पाद थाई आणि तिखट किती एवढंच, आणि मराठी जेवणाबद्दल बोलतो ते घरच्या आठवणीपुरतं. तिच्या प्रश्नात चवही नसते आणि आठवणही. समोरचं माणूस उपाशी नाही ना, एवढीच चौकशी असते.

भुकेचं नाव घेतलेल्या चित्रपटात या साध्या प्रश्नाला मोठी जागा हवी होती.