जुनं अंग, नवं इंजिन : हॉट रॉडची पारख कशी करावी?

नेसरीकर मंडळी, विषय गाडीचा असला तरी प्रश्न तत्त्वज्ञानातला आहे. आपण एखाद्या वस्तूचा एकेक भाग बदलत गेलो, तर शेवटी उरते ती तीच वस्तू का? ग्रीकांनी हे थीसिअसच्या जहाजावरून विचारलं. आपण हॉट रॉडवरून विचारू.

१९३२ साली फोर्डने सामान्यांना परवडणारी व्ही-८ इंजिनाची गाडी काढली. दक्षिण कॅलिफोर्नियातली पोरं जुन्या फोर्ड गाड्या घेत, मडगार्ड काढून वजन उतरवत, इंजिन सुधारत आणि कोरड्या तळ्यांच्या सपाटीवर पळवत. हीच हॉट रॉड. आता तिला डिस्क ब्रेक, पॉवर स्टिअरिंग, एसीसुद्धा बसवतात. रूप १९३२चं, पोटात सगळं आजचं.

काही जण म्हणतात, ही जुन्या गाडीची विटंबना. आम्हाला हे अर्धंच पटतं. कोल्हापूरच्या दसऱ्याला छत्रपती घराण्याची मेबॅक निघते, ती इतिहासाचा पुरावा आहे. अशी गाडी कापणं म्हणजे ताम्रपट वितळवून तांब्या करणं. पण हजारोंनी निघालेल्या मॉडेलचा गंजलेला सांगाडा घेऊन कुणी गाडी उभी केली, तर ती नवी रचना आहे. तिला कसोटीही रचनेचीच लावावी.

आमच्या मते कसोट्या दोन. पहिली, भाग एकमेकांना पेलतात का? इंजिनाची ताकद वाढवली आणि ब्रेक जुनेच ठेवले, तर ती रचना फसली. रंग कितीही चकाकू दे. दुसरी, बदल उघड आहे का? हॉट रॉड आपलं नवेपण लपवत नाही. नव्या पत्र्याची गाडी अस्सल जुनी म्हणून खपवली जाते, तिथे खरी लबाडी.

आता आपल्याकडचं बघा. २०२१च्या नियमांनुसार विंटेज गाडी ५० वर्षांहून जुनी हवी, शिवाय चासी, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार नको. इतर गाड्यांना १९८८च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. म्हणजे हॉट रॉड इथे ना विंटेज, ना नवी.

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रेच्या दत्तात्रय लोहारांनी भंगारातून किक मारून सुरू होणारी छोटी जीप बनवली. ती हॉट रॉड नव्हे, पण ऊर्मी तीच. ती नियमांत बसत नाही, हे आनंद महिंद्रांनी कौतुक करतानाच सांगितलं, आणि २०२२मध्ये बदल्यात बोलेरो दिली. मोठं मन खरंच. तरी प्रश्न उरतोच : बनवलेली गाडी रस्त्यावर न्यायची वाट कुठली?

सुरक्षिततेचा आग्रह आम्हाला मान्यच आहे. दुसऱ्याच्या जिवावर हौस नको. पण ब्रिटनमध्ये एकेकट्या बांधलेल्या गाडीचीही स्वतंत्र तपासणी होते, उत्तीर्ण झाली तर ती रस्त्यावर येते. कोल्हापूरच्या उद्यमनगरात हुन्नर भरपूर आहे. त्याला शाबासकी पुष्कळ मिळते, हवी आहे ती परीक्षा. कारागिराला नापास होण्याचा हक्क दिला, तरच पास होण्याला अर्थ येतो.