ताठ मान आणि थद्ध चित्त

मराठीतील ‘ताठ’ या शब्दाला दोन तोंडे आहेत. ‘ताठ मानेने जगला’ असे म्हटले की तो गौरव होतो. ‘त्याला फार ताठा आहे’ असे म्हटले की तीच ताठ मान दोष ठरते. बागलाण तालुक्यातील मोसम नदीकाठच्या नामपूरसारखे कोणतेही बाजाराचे गाव घ्यावे. पूर्वास्पृश्य माणसाने जोहार घालणे सोडले, मेलेले जनावर ओढण्याचे नाकारले, की गावकी म्हणणार, ‘ही माणसे ताठली.’ वस्ती म्हणणार, ‘आम्ही ताठ उभे राहिलो.’ देह तोच, कृती तीच. परंतु तिचा अर्थ कोण लावतो यावर शब्दाचे मूल्य ठरते.

हा प्रश्न केवळ भाषेचा नाही. मज्झिम निकायातील वत्थूपम सुत्तात चित्ताचे सोळा उपक्लेश सांगितले आहेत आणि त्यांत ‘थम्भ’ येतो. थम्भ म्हणजे खांब आणि थम्भ म्हणजेच ताठरपणा. तेव्हा शंका उद्भवते ती अशी : ज्या समाजाला शतकानुशतके वाकवण्यात आले, तो नुकताच सरळ उभा राहत असताना धम्म त्याला पुन्हा वाकावयास सांगतो काय? या शंकेचे निरसन ‘नम्रता चांगली’ एवढ्या उपदेशाने होणार नाही. ताठपणाच्या निरनिराळ्या अर्थांची फोड करूनच ते करावे लागेल.

प्रथम जड वस्तूंकडे पाहू. पदार्थविज्ञान ताठपणा, बळ, कठीणपणा आणि चिवटपणा हे चार वेगळे गुण मानते. भार आल्यावर वस्तू किती कमी वाकते, यावरून तिचा ताठपणा मोजतात. साधी काच आणि अॅल्युमिनियम यांचा ताठपणा जवळजवळ सारखा, सुमारे ७० गिगापास्कल, आहे. तरीही काचेवर घाव पडला की ती फुटते. अॅल्युमिनियमला पोचा पडतो, पण ते तुटत नाही. म्हणजे नुसत्या ताठपणावरून वस्तूची पारख होत नाही. मर्यादेबाहेरचा आघात झाल्यावर ती काय करते, यावरून होते.

अंगुत्तर निकायातील सुवर्णाची उपमा याच दिशेने जाते. लोखंड, तांबे, कथील, शिसे आणि चांदी यांची भेसळ असलेले सोने मृदू राहत नाही, ते ठिसूळ होते आणि त्याचा दागिना घडत नाही. पाच नीवरणांनी मलिन झालेले चित्तही तसेच. शुद्ध सोन्याला आणि शुद्ध चित्ताला पालीत ‘मुदु’ आणि ‘कम्मनिय’ म्हटले आहे. ‘कम्मनिय’ म्हणजे कामास योग्य. मराठीतील ‘कमावणे’ हे क्रियापद याच ‘कम्म’शी नाते सांगते. कच्चे कातडे वाळले की लाकडासारखे कडक होते. बाभळीच्या सालीत, हिरड्यात कमावले की ते लवते आणि तरीही फाटत नाही. हे ज्ञान ज्यांच्या हातांत होते त्यांना समाजाने हीन ठरवले, ही गोष्ट वेगळी. परंतु मृदुता म्हणजे दुबळेपणा नव्हे, ती कमावलेली चिवटाई असते, हे त्या हातांना ठाऊक होते.

देहाची साक्षही याहून निराळी नाही. मृत्यूनंतर काही तासांत शरीर ताठरते. स्नायूला आकसण्यासाठी जशी ऊर्जा लागते तशीच सैल होण्यासाठीही लागते आणि मृत देहात ती निर्माण होत नाही. लवणे हे जिवंतपणाचे लक्षण आहे. मात्र लवणे वेगळे आणि वाकवले जाणे वेगळे. नामपूरच्या बाजारात कांद्याची गोणी उचलणाऱ्या हमालाला गुडघे वाकवावे लागतात, पण कणा सरळ ठेवावा लागतो. काय वाकवावे आणि काय वाकवू नये याचा विवेक श्रम करणाऱ्या देहाला असतो. जोहार घालावयास लावणाऱ्या व्यवस्थेने नेमका हा विवेकच हिरावून घेतला होता.

आता तिपिटक प्रत्यक्षात ‘थद्ध’ कोणाला म्हणते ते पाहू. सुत्तनिपातातील पराभव सुत्तात जातीने ताठलेला, धनाने ताठलेला, गोत्राने ताठलेला आणि स्वतःच्या ज्ञातीला तुच्छ लेखणारा पुरुष विनाशाला जातो असे सांगितले आहे. संयुत्त निकायात श्रावस्तीच्या एका ब्राह्मणाचे नावच ‘मानत्थद्ध’ आहे. तो आई, वडील, आचार्य किंवा थोरला भाऊ यांपैकी कोणालाही अभिवादन करीत नसे. तथागतांनी त्याचे मन ओळखले तेव्हा तो त्यांच्या पायांवर कोसळला. तथागतांनी त्याला तेथेच पडू दिले नाही. ऊठ, आपल्या आसनावर बस, असे सांगितले. हा तपशील फार महत्त्वाचा आहे. ज्याचा मान गळाला त्यालाही बुद्ध जमिनीवर ठेवत नाहीत. तिपिटकाच्या या कसोटीवर गावकीचा आरोप उलटतो : थद्ध आहे तो जोहार मागणारा; जोहार नाकारणारा नव्हे. आणि ज्या धम्मात खांब हे दोषाचे नाव आहे, त्याच धम्मात नगरद्वारी रोवलेला इन्द्रखील हा स्थितप्रज्ञ सत्पुरुषाची उपमा होतो. धम्मपदात ती उपमा आहे.

ही फोड हाती घेऊन नाशिकजवळच्या विहितगावात जन्मलेल्या बाबुराव बागूल यांची ‘जेव्हा मी जात चोरली होती’ ही कथा वाचावी. १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कथासंग्रहाचेही हेच नाव आहे. रेल्वेतील नोकरीत कथेचा निवेदक जात लपवतो आणि मान मिळवतो. काशिनाथ जात लपवत नाही. तो पेटलेला आहे. जात उघड होते, निवेदकाला मारहाण होते आणि काशिनाथ त्याला वाचवतो. काशिनाथ शूर आणि निवेदक भित्रा असा या कथेचा अर्थ लावला तर ती अर्धीच वाचल्यासारखे होते. काशिनाथचा ताठपणा हा मान नव्हे. ती दाबलेल्या स्प्रिंगची प्रतिक्रिया आहे आणि तिच्यावाचून निवेदक जिवंत राहिला नसता. उलट मार खाल्लेला निवेदक अखेरीस मारणाऱ्या माणसांच्या द्वेषात अडकत नाही. त्या हातांमागचा मनू त्याला दिसतो. देह मोडला, पण चित्त थद्ध झाले नाही. कथेचे सामर्थ्य या दोन पात्रांच्या ताणात आहे. बागुलांनी काशिनाथला निवेदकाची समज दिली नाही आणि निवेदकाला काशिनाथचा कणा दिला नाही. ते दोन्ही एका माणसात एकवटण्याचे काम त्यांनी वाचकावर सोपवले आहे.

असे एकत्र येणे इतिहासात घडले आहे आणि तेही नाशिक जिल्ह्यात. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिर सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली माणसे वर्षानुवर्षे दारापाशी उभी राहिली. मार खाल्ला, हटली नाहीत. परंतु १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दादासाहेबांना पत्राने मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह थांबवण्याचा सल्ला दिला आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला धर्मांतराची घोषणा केली. नुसता ताठा असता तर प्रतिष्ठेपायी त्याच दाराशी आणखी वीस वर्षे गेली असती. बाबासाहेबांनी मार्ग बदलला. ध्येय बदलले नाही. मुदु आणि कम्मनिय चित्ताचे याहून मोठे उदाहरण आधुनिक महाराष्ट्रात शोधावे लागेल.

पराभव सुत्ताचा शेवटचा शब्द मात्र आपल्याकडेही वळतो. ‘स्वतःच्या ज्ञातीला तुच्छ लेखणारा’ हे वर्णन केवळ गावकीला लागू नाही. शिकून वर गेलेला आणि वस्तीची वाट विसरलेला, पोटजातीवरून सोयरीक मोडणारा, आपल्याच गटाचा निळा झेंडा खरा म्हणून दुसऱ्याच्या सभेला पाठ फिरवणारा, हेही थद्धच होत. त्यांचा ताठपणा काचेचा आहे. पुढच्या आघातात त्याचे तुकडे होतील. व्यवस्थेपुढे कणा ताठ ठेवणे आणि आपल्या माणसापुढे चित्त मृदू ठेवणे, या दोहोंत विरोध नाही. विरोध दिसतो तेथे आपण थम्भाला स्वाभिमान समजून बसलो आहोत, असे जाणावे.