सातारची पदच्युति आणि पक्षाभिमान

सातारचे छत्रपति प्रतापसिंह महाराज यांस कंपनी सरकारनें सप्टेंबर १८३९ मध्यें गादीवरून दूर केलें. त्यांजवर आरोप तीन : २३ व्या पलटणींतील देशी अंमलदारांस फितविणें, गोवेकर पोर्तुगीजांशीं संधान बांधणें, व नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेब भोसल्यांशीं पत्रव्यवहार ठेवणें. या प्रकरणावर लेखन विपुल झालें. परंतु आरोप, जबानी व अनुमान हीं वेगवेगळीं ठेवून लिहिलेलें थोडेंच आढळतें.

१९२२ सालीं या विषयावर दोन पुस्तकें निघालीं. मेजर वामनदास बसू यांचें ‘स्टोरी ऑफ सातारा’ महाराजांचा कैवार घेतें, तथापि इंग्रजी कागदांचे विस्तृत उतारे देत असल्यामुळें वाचकास स्वतः पारख करतां येते. केशव सीताराम ठाकरे यांच्या ‘हिंदवी स्वराज्याचा खून’ या पुस्तकानें विषय मराठी वाचकांच्या घरोघर नेला, हें त्याचें श्रेय निर्विवाद आहे. मात्र त्यांत बाळाजीपंत नातू व सांगलीकर चिंतामणराव पटवर्धन यांजवर जो ठपका आहे, तो कागदास कागद लावून पाहिला पाहिजे. ज्ञातिवादांत चिंतामणराव महाराजांच्या विरुद्ध पक्षास होते, एवढ्यावरून पदच्युतींतही त्यांचा हात होता असें ठरत नाहीं. सांगली संस्थानचा कंपनीशीं १८१९ मध्यें स्वतंत्र तह झाला होता. तें सातारच्या जहागिरदारांपैकीं नव्हतें. जहागिरदारांवरील हक्काचा जो तंटा महाराज व मुंबई सरकार यांत पेटला, त्याचें मूळ महाराजांच्या १८१९ च्या तहांत आहे. त्याकडे दुर्लक्ष करून सारा दोष एका ज्ञातीच्या माथीं मारल्यास मुंबई सरकार आयतेंच सुटतें.

साक्षीदाराचें वजनही पाहावें. रंगो बापूजींनीं १८४० ते १८५३ पर्यंत लंडनमध्यें महाराजांची बाजू लढविली; त्यांचें कथन मोलाचें, पण तें वकिलाचें. उलट, लॉडविक हा १८३६ च्या चौकशींत स्वतः बसलेला रेसिडेंट. त्यानेंच पुढें लंडनमध्यें महाराजांच्या बाजूनें बोलावें, ही साक्ष आम्हांस अधिक जड वाटते.

शास्त्रग्रंथांत पूर्वपक्ष आधीं सबळ करून मांडतात, मग उत्तर देतात. राजकीय इतिहासासही हीच शिस्त हवी. मिरजेच्या वासुदेवशास्त्री खऱ्यांनीं ‘ऐतिहासिक लेखसंग्रहां’त पटवर्धनांचा वृत्तान्त सांगून मूळ पत्रेंही छापलीं, त्यामुळें खऱ्यांचें मत न पटणाऱ्यासही त्यांच्याच ग्रंथांत आधार सांपडतो.

सातारा-सांगलीकडील दप्तरदारांस आमची विनंति इतकीच कीं, आपल्या घराण्यास प्रतिकूल दिसणारें पत्र बाजूस काढून ठेवूं नये. तें तारखेसह, अक्षर न गाळतां छापावें. पूर्वजांवरील खोटा ठपका दूर व्हावयाचा असेल, तर तो त्याच रुमालांतील कागदांनीं दूर होईल.