ज्याची सेटिंग, त्याच्या हाती

घाटकोपरच्या शेजारी, विद्याविहारमध्ये ‘फ्रॅपे टेक्नॉलॉजीज’ या कंपनीचं काम चालतं. रुषभ मेहता यांनी २००८ मध्ये ती सुरू केली. तिच्या ‘ईआरपीनेक्स्ट’ या सॉफ्टवेअरमध्ये हिशेब, साठा, विक्री असा मोठा पसारा आहे, पण मला सर्वांत भावते ती त्यामागच्या फ्रॅपे फ्रेमवर्कमधली कॉन्फिगरेशनची मांडणी.

एका सर्व्हरवर अनेक साइट चालतात. सगळ्यांना लागणाऱ्या गोष्टी, उदाहरणार्थ रेडिस या कॅशे सर्व्हरचा पत्ता, ‘कॉमन_साइट_कॉन्फिग’ या सामाईक फाइलीत असतात. शिवाय प्रत्येक साइटची स्वतःची ‘साइट_कॉन्फिग’ असते. नवी साइट उभारल्यावर ही फाइल उघडून पाहावी: डेटाबेसचं नाव, त्याचा पासवर्ड, त्याचा प्रकार. मुख्यतः एवढंच. टाइमझोन, तारीख लिहिण्याची पद्धत, भाषा यांतलं काही इथे सापडत नाही. ते डेटाबेसमध्ये, ‘सिस्टिम सेटिंग्ज’च्या पानावर असतं. तारीख कशी दिसावी हे वापरणाऱ्या कंपनीनं ठरवायचं. त्यासाठी तिच्या माणसाला सर्व्हरवर शिरावं लागू नये. पासवर्ड मात्र सर्व्हर सांभाळणाऱ्याकडेच राहावा. कोणती सेटिंग कोण बदलणार, यावरून तिची जागा ठरली आहे.

या फाइली वाचणारं फंक्शनही तितकंच नेटकं आहे. आधी सामाईक फाइल वाचायची, मग त्याच यादीवर साइटची फाइल चढवायची. दोन्हींत एकच किल्ली असेल तर नंतरची, म्हणजे साइटची, किंमत टिकते. अपवादांसाठी वेगळा नियम लिहावाच लागत नाही. वाचण्याचा क्रम हाच नियम.

एक उणीव जाणवते. या फाइली जेसन स्वरूपात असतात आणि जेसनमध्ये टिप्पणी लिहिता येत नाही, त्यामुळे एखादी किंमत का बदलली हे फाइलीत नोंदवायची सोय नाही. ते कारण दुसरीकडे जपून ठेवावं लागतं.

हेरोकू या क्लाउड प्लॅटफॉर्मच्या अ‍ॅडम विगिन्स यांनी २०११ च्या सुमारास ‘ट्वेल्व्ह-फॅक्टर अ‍ॅप’ या अ‍ॅपबांधणीच्या तत्त्वावलीत कॉन्फिगरेशनसाठी एक कसोटी मांडली: कोड या क्षणी जगासमोर ठेवला, तर एकही गुपित फुटता कामा नये. विगिन्स यांचा आग्रह एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलचा होता. फ्रॅपेनं फाइली निवडल्या. तरी कसोटीचा गाभा इथे सांभाळला गेला आहे, कारण फ्रॅपेचा कोड खरोखरच सर्वांसाठी खुला आहे आणि पासवर्ड त्याच्या बाहेर आहेत. सेटिंग्जची यादी वाढू लागली की आपण नावं आणि फोल्डर यांवरच खल करत बसतो. त्याआधी प्रत्येक सेटिंगचा धनी ठरवावा. निम्मी मांडणी तिथेच होते.