‘परस्परमान्य संकेत’ : एका दस्तऐवजाचे परीक्षण

इंटरनेट सोसायटीच्या पाठिंब्याने २०१४ साली सिद्ध झालेल्या ‘मार्गसुरक्षेचे परस्परमान्य संकेत’ या दस्तऐवजाचा इंग्रजी संक्षेप ‘मॅनर्स’ असा होतो. शिष्टाचाराची सूचना नावातच आहे. भाषाभ्यासकाचे लक्ष मात्र ‘संकेत’ या शब्दाकडे जाते. कारण भाषाही परस्परमान्य संकेतांवरच चालते. हे साम्य कितपत टिकते, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

मोताळ्याच्या टपालपेटीत टाकलेल्या पाकिटावर प्रेषकाचे नाव कोणीही काहीही लिहावे. शिक्का मात्र टपालकचेरीच उमटविते. इंटरनेटच्या मूळ रचनेत असा शिक्का नाही. ई-मेलवरील प्रेषकाचा पत्ता आणि पॅकेटवरील उगमाचा पत्ता, दोन्ही पाठविणाराच लिहितो. ‘अमुक पत्त्यांकडे जाणारा मार्ग माझ्याकडून आहे’, ही एखाद्या जाळ्याची घोषणाही शेजारची जाळी पुष्कळदा विश्वासानेच स्वीकारतात. १६ एप्रिल २०२१ रोजी व्होडाफोन आयडियाच्या जाळ्यातून परक्या पत्त्यांच्या ३०,००० हून अधिक गटांचे मार्ग चुकीने घोषित झाले, ते याच विश्वासामुळे पुढे पसरले.

भाषेत संकेत मोडणाऱ्याचे बोलणेच कोणास कळत नाही. तोटा त्याचा त्यालाच होतो. येथे प्रकार उलटा आहे. ग्राहकाकडून निघणाऱ्या पॅकेटचा उगम सेवादात्याने आपल्याच दाराशी तपासावा, ही शिफारस फर्ग्युसन आणि सेनी यांनी २००० सालीच मांडली होती. परंतु तपासणीचा खर्च सेवादात्याचा आणि लाभ दूरच्या परक्याचा! प्रस्तुत दस्तऐवजात जाळेचालकांची चार कर्तव्ये सांगितली आहेत. चुकीच्या मार्गघोषणा रोखणे, संपर्काचा पत्ता अद्ययावत ठेवणे व आपल्या मार्गांची नोंद जाहीर करणे, ही तीन अनिवार्य आहेत. खोटा उगम अडविणे मात्र केवळ शिफारशीवर सोडले आहे. जेथे स्वार्थ कर्तव्याच्या आड येतो, नेमके तेथेच बंधन सैल व्हावे, हा या दस्तऐवजाचा मुख्य दोष होय.

ई-मेलच्या क्षेत्रात फेब्रुवारी २०२४ पासून गूगल व याहू यांनी मोठ्या प्रमाणावर पत्रे धाडणाऱ्यांस प्रेषकाची ओळख सिद्ध करण्याची अट घातली. तेथे तोटा अट मोडणाऱ्याकडे गेला. पॅकेटचा खोटा उगम दूरच्या ग्राहकास ओळखता येत नाही. म्हणून तेथे जोडणी विकणाऱ्या वरच्या सेवादात्यानेच ती अट करारात घातली पाहिजे. नाकारण्याची तयारी नसेल, तर ‘परस्परमान्य’ हे विशेषण केवळ सौजन्याचे ठरते.