लव्हाळ्यासारखं दिसतं, पण लव्हाळा नाही

आज ज्या पुस्तकाबद्दल तक्रार करणार आहे, त्याच्याशिवाय माझ्या प्रबंधाचं एक पानही पुढे सरकत नाही. शर्मा, कार्तिकेयन आणि सिंग यांनी संपादित केलेला 'फ्लोरा ऑफ महाराष्ट्र स्टेट'चा एकदलिकित वनस्पतींचा खंड, १९९६ सालचा.

आधी त्याचं ऋण मान्य करू. कुकचा प्रसिद्ध फ्लोरा (१९०१–०८) मुंबई इलाख्यापुरता होता. आपला भाग तेव्हा मध्य प्रांतात, म्हणजे त्या पुस्तकाबाहेरच. १९९६च्या खंडात विदर्भ आला. गोंदिया जिल्हा १९९९ साली झाला, त्यामुळे आपली तळी त्यात भंडाऱ्याच्या नावाखाली शोधावी लागतात. तो काही पुस्तकाचा दोष नाही.

माझं भांडण वेगळं आहे. नवेगावबांधच्या बाजूला तळ्याच्या काठावर उभं राहा. पाण्यातून हिरव्या, गोल, बिनपानांच्या काड्या वर आलेल्या दिसतील. आपण सरसकट 'लव्हाळा' म्हणून मोकळे होतो. पण शास्त्रातला खरा लव्हाळा जंकेसी कुळातला: फुलाला सहा पाकळीवजा दलं आणि बोंडात पुष्कळ बिया. या काड्या बहुतेक वेळा सायपरेसीच्या, म्हणजे मोथ्याच्या कुळातल्या असतात. तिथे एका फुलाला एकच बी असलेलं टणक फळ. दोन्ही कुळं जवळची नातेवाईक आहेत, म्हणून फसगत होते.

आता या काड्यांमधल्या दोन जाती घ्या. इलिओकॅरिस डुल्सिस आणि शोनोप्लेक्टिएला आर्टिक्युलाटा. दोघींची काडी पोकळ, आत आडवे पडदे. फरक काय? पहिलीचा तुरा काडीच्या अगदी टोकाला, एकच. दुसरीचे तुरे काडीच्या मधेच, कडेला झुपक्याने. (दुसरीला लिनियसने स्किर्पस म्हटलं होतं. आता तिचा पत्ता बदललाय, जुन्या पुस्तकात शोधताना लक्षात ठेवा.)

तुरा असेल तर सोपं आहे. पुस्तकातले ओळखतक्ते तुऱ्यावर आणि पिकलेल्या फळावरच उभे असतात. पण तळ्यातला गाळ काढतात उन्हाळ्यात. तेव्हा तुरा नाही, फळ नाही, काडीही वाळलेली. चिखलात उरतात ते इलिओकॅरिसचे गड्डे. चायनीज जेवणातलं 'वॉटर चेस्टनट' ते हेच, शिंगाडा नव्हे. आणि सारस हे गड्डे चोचीने उकरून खातो. महाराष्ट्रात सारस जवळपास फक्त आपल्याच भागात उरलाय, हे वेगळं सांगायला नको.

म्हणजे निर्णय ज्या महिन्यात होतो, त्या महिन्यात पुस्तक गप्प बसतं. यंत्राला 'गाळ' आणि 'तण' एवढंच कळतं, आणि आपल्यापाशी दाखवायला नाव नसतं. गाळ काढू नका असं माझं म्हणणं नाही, तळी बुजली तर सारसही जाईल. पण कुठला काठ सोडायचा, हे तरी सांगता यायला हवं.

वर्गीकरण फुलांवर करणं बरोबरच आहे, नाती तिथेच कळतात. ओळख मात्र फुलांवर अडवून ठेवायची गरज नाही. म्हणून मी काडी, मुळं आणि गड्डे यांवरून एक उन्हाळी तक्ता करतोय. ढिवर मच्छीमार पायाने चाचपून ज्या वनस्पती वेगळ्या ओळखतात, त्या खुणाही त्यात घेतोय. फ्लोरा टेबलावर राहील, तक्ता तळ्यावर जाईल. पुढच्या एप्रिलच्या आत तो व्हायला हवा.