चित्र झटपट, भिंत सावकाश

म्युनिकच्या ऑलिम्पिक पार्कमधलं तंबूसारखं छत १९७२च्या खेळांसाठी उभं राहिलं. ग्युंटर बेनिश आणि फ्राय ओटो यांच्या चमूनं त्याचा आकार आधी छोट्या प्रतिकृतींवर शोधला. पण १:१२५च्या प्रतिकृतीत एका मिलिमीटरची चूक प्रत्यक्ष जागेवर साडेबारा सेंटीमीटर होते. पोलादी दोरांच्या जाळ्याला एवढी चूक चालत नाही. म्हणून क्लाउस लिंकविट्झ आणि जॉन आर्गिरिस यांच्या गटांनी त्याचं गणित संगणकावर मांडलं. इमारतींच्या आरेखनात आलेली कृत्रिम बुद्धिमत्ता मी याच कसोटीवर तपासतो: तिच्यामुळे मोजमाप पक्कं होतं का?

आज सर्वाधिक बोलबाला आहे तो चित्रांचा. शब्दांवरून चित्र काढणाऱ्या 'स्टेबल डिफ्यूजन'मागचं संशोधन म्युनिकच्या लुडविग माक्सिमिलियन विद्यापीठात ब्योर्न ओमर यांच्या गटानं पुढे नेलं; २०२२मध्ये ते जगापुढे आलं. लगेच पुढच्या वर्षी, म्युनिकच्याच नेमेचेक समूहातल्या 'आर्किकॅड' या आरेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यावर आधारलेलं एआय व्हिज्युअलायझर आलं. साध्या ठोकळ्यांच्या मॉडेलवरून ते क्षणात संध्याकाळचा उजेड, विटांचा पोत, झाडं असं सगळं रंगवून देतं. पहिल्या चर्चेला हे उपयोगी आहे, यात शंका नाही. पण त्या चित्रातल्या भिंतीला जाडी नसते. तीच सूचना पुन्हा दिली की खिडकी सरकते, जिन्याच्या पायऱ्यांची संख्या बदलते. ग्राहक मात्र चित्र पाहून मनाशी घर ठरवून टाकतो आणि पुढे आर्किटेक्टला त्या चित्राशी भांडत बसावं लागतं. हे नुकसान मला गंभीर वाटतं.

खरं काम चाललं आहे ते म्युनिकच्या तंत्र विद्यापीठात. आंद्रे बोरमान यांच्या विभागातून २०२४मध्ये 'टेक्स्ट टू बिम' आलं; बिम म्हणजे इमारतीच्या प्रत्येक भागाची माहिती सोबत ठेवणारं मॉडेल. त्यात भाषेची प्रारूपं कामं वाटून घेतात: एक ग्राहकाचं त्रोटक वाक्य नीट फोड करून मांडतं, दुसरं आराखडा आखतं, तिसरं 'व्हेक्टरवर्क्स' या आरेखनाच्या सॉफ्टवेअरला आज्ञा देणारा कोड लिहितं. तयार मॉडेल 'सोलिब्री' हे तपासणीचं सॉफ्टवेअर नियमांवर तपासतं, सापडलेल्या चुका परत पाठवल्या जातात आणि दुरुस्ती होते. इमारती अजून साध्याच आहेत. तुळया-खांबांचं गणित त्यात नाही. तरीही इथली भिंत म्हणजे खरोखर भिंत आहे. तिला उंची आहे, साहित्य आहे आणि तिची चूक दाखवता येते.

चूक दाखवता येणं ही गोष्ट मराठी आर्किटेक्टला नवी नाही. पुण्याच्या सॉफ्टटेकची 'ऑटोडीसीआर' प्रणाली नकाशातली सामासिक अंतरं आणि चटई क्षेत्र लिहिलेल्या नियमांनुसार तपासते. महापालिकांत ती बरीच वर्षं वापरात आहे. तिच्यापुढे नकाशा ठेवताना प्रत्येक रेघ कुठल्या थरावर आहे हे आधी नीट लावावं लागतं. हे कंटाळवाणं काम ज्यांनी केलं आहे त्यांना, यंत्राला इमारत 'समजणं' किती अवघड असतं, हे ठाऊक असतं.

बोरमान यांच्याच विभागात आरेखनाच्या सॉफ्टवेअरच्या वापराच्या नोंदींवरून पुढची आज्ञा सुचवणारं काम चालू आहे. त्याची फारशी चर्चा नाही, पण पुण्या-मुंबईत बसून परदेशी इमारतींची बिम मॉडेलं करणाऱ्या मुलामुलींच्या रोजच्या कामाला आधी हात लागेल तो अशाच साधनांचा. यंत्रानं घातलेल्या प्रत्येक भिंतीवर, दारावर तशी नोंद मॉडेलमध्येच राहायला हवी आणि ती कोणी तपासली त्याचं नावही. ही सोय आत्ताच, साधनं घडत असताना मागितली पाहिजे.